राखेतलं रताळं

रात्री खाऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे. मी खाते. पंच्याहत्तरी उलटली तरी खाते, आणि अंधारात चोरून नाही. स्वयंपाकघरातला दिवा लावून, पाटावर बसून, समोर बशी घेऊन खाते. डॉक्टरांनी सांगून झालं, मुलाने सांगून झालं, सूर्यास्तानंतर तोंड शिवून टाका असा सल्ला देणारी एक बाई मोबाइलवर रोज येते, तिनेही सांगून झालं. सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग उठून पोहे भिजवले.

मार्च लागला की माझ्यात हे असं काहीतरी शिरतं. मालवणच्या बाजारात सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, यायला लागतात, वास पार गल्लीच्या टोकापर्यंत येतो. आंब्याचा मोहर गळून बारकी कैरी धरलेली असते. दुपारी अंगाची काहिली आणि रात्री समुद्राकडून येणारा तो चिकट वारा. बाकीच्यांसाठी हा शिमग्याचा महिना. माझ्यासाठी हा परीक्षेचा महिना आहे आणि भुकेचा महिना आहे, कारण आयुष्यात एकदाच मी मनापासून भुकेली होते ती मॅट्रिकच्या वर्षी.

यंदा पलीकडच्या खोलीत माझी नात आर्या बारावीचा अभ्यास करते आहे. रात्री अकरा वाजून गेले की तिथून पाकिटाचा आवाज येतो. पोरगी हुशार, पाकीट पांघरुणात घालून फोडते. पण माझे कान अजून शाबूत आहेत. तळलेल्या बटाट्याचा आणि कसल्याशा मसाल्याचा वास दाराखालून सरपटत येतो आणि सकाळी ही पोट धरून बसते. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, पुण्याहून फोन करतो. आई, ती रात्री खात बसते, वजन वाढत चाललंय, तू स्वयंपाकघराला कडी घाल. म्हटलं, पाकिटं मी आजच बंद करते. कडी मात्र घालणार नाही. तो म्हणाला, म्हणजे काय? म्हटलं, तुला नाही कळायचं, तू फोन ठेव.

त्याला कळणार नाही, कारण त्याच्यासाठी कडी कधी कोणी घातलीच नाही.

माझे आई-वडील मुंबईला होते. वडील गोदीत, एका खोलीत धाकटी भावंडं, तिथे अभ्यासाला बसायला कोपरा नव्हता. म्हणून मी मालवणजवळच्या कट्टा गावालगतच्या वाडीत थोरल्या काकांच्या घरी राहून हायस्कूलला जायचे. साठ सालच्या पुढेमागे. घरात काका, काकी, त्यांचा मुलगा दत्ता आणि मी. दत्ता आणि मी एकाच वर्गात, दोघांची मॅट्रिक एकदमच. वाडीतून मॅट्रिकला बसणारी मुलगी मी पहिलीच, आणि ह्याचा अभिमान कोणाला वाटत होता म्हणाल, तर फक्त मला. बाकीच्यांना ती एक काळजी होती. काका वाईट नव्हते. भावाची पोर आपल्या पदरात आहे, तिला काही झालं तर भावाला तोंड कसं दाखवायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. पण काळजीवाहू माणसाच्या हातात घर असलं की त्या घरात श्वास घेणंही अवघड होतं, हे मी तेव्हाच शिकले.

घराचं दुसरं टोक काकीच्या हातात होतं, म्हणजे चूल. रात्री भांडी झाली की काकी चूल निजवायची. हा आमच्याकडचा विधीच. लाकडं बाहेर ओढून विझवायची, लाल निखारे एका बाजूला गोळा करून त्यांच्यावर राख ओढायची, म्हणजे पहाटे फुंकर घातली की विस्तव तयार. मग चुलीच्या तोंडावरून ओलं पोतेरं फिरवायचं, हळदीचं बोट लावायचं आणि म्हणायचं, चूल निजली. त्यानंतर पहाटेपर्यंत चुलीला हात नाही. निजलेल्या चुलीला उठवलं तर घरातली लक्ष्मी उठून जाते. म्हणजे चहा नाही, दूध नाही, तापलेल्या पोराला कढत पाणीसुद्धा शेजाऱ्याकडून आणायचं. चूल निजली की घरातल्या बायांची तोंडंही निजली. पुरुषाला काही हवं असलं तर तो बाहेर जाऊन खाऊ शकत होता. लक्ष्मी त्याच्या मागे कट्ट्यापर्यंत जाऊन चौकशी करत नव्हती.

आणि आम्ही बाया जेवायचो शेवटी. दिवेलागण झाली की आधी काका, दत्ता, कोणी पाहुणा असला तर तो. मग काकी आणि मी. तोवर बांगड्याच्या कालवणात बांगडा उरलेला नसायचा, बांगड्याची आठवण उरलेली असायची. उकड्या तांदळाचा भात, त्यावर ते कालवण, आणि काकी तिच्या वाट्यातला भात माझ्याकडे सरकवणार, मी तो परत सरकवणार. शेवटी दोघीही अर्धपोटी. नुसतं झोपायचं असतं तर चाललं असतं. पण मला त्यानंतर भूमिती करायची असायची. कंदिलाशी बसून प्रमेय घोकता घोकता दहा वाजायचे आणि पोटात कावळे कोकलायला लागायचे. त्रिकोणाचे तीन कोन मिळून काय होतात ते डोळ्यांसमोर असायचं आणि मला त्या त्रिकोणात समोसा दिसायचा. खरं तर समोसा मी तोवर नुसता ऐकला होता, मुंबईहून आलेल्या चुलतबहिणीकडून.

मग दत्ताने भज्यांची सोय केली. कट्ट्याच्या स्टँडवर रात्री मालवणहून वस्तीची एसटी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच मुक्काम करायचे, त्यांच्यासाठी समोरचं हॉटेल उशिरापर्यंत उघडं राहायचं आणि मालक शेवटचा घाणा काढायचा. मॅट्रिकची पोरं अभ्यासाच्या नावाखाली तिथे जमायची. दत्ताही जायचा. येताना माझ्यासाठी वर्तमानपत्रात गुंडाळून चार भजी आणायचा, कधी बटाटेवडा. खिडकीच्या गजातून पुडी आत सरकवायचा आणि म्हणायचा, गो प्रभे, घे, बातम्यांसकट खा. तेलाने कागद इतका झिरझिरीत झालेला असायचा की पलीकडचा कंदील दिसावा. ती थंडगार, वातड भजी मी जी खाल्ली आहेत ती चव अजून जिभेवर आहे. खोटं कशाला बोलू, स्वर्ग होता तो. तळणाला नावं ठेवणाऱ्या लोकांनी आधी उपाशीपोटी भूमिती करून बघावी.

पण हॉटेलातलं ते तेल सकाळपासून कढईतच उकळत असायचं, काळंभोर. दत्ताचं पोट दगडाचं. माझं नव्हतं. आठवडा गेला नाही तोच पहाटे जळजळ सुरू झाली, आंबट पाणी घशाशी, आणि पोटात अशी कळ की वर्गात बाकावर ओणवी व्हायचे. काकीने ओवा चावायला दिला, बाळहिरडा उगाळून दिला. आजार कशाचा ते मी सांगू शकत नव्हते, सांगितलं असतं तर दत्ताही गेला असता आणि भजीही. काकांनी आपला निष्कर्ष आपण काढला: पोरीच्या जातीला जागरण सोसत नाही, अभ्यासानेच पोट बिघडलं. त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं, आणखी एकदा पोट दुखलं तर पुस्तकं पेटीत. मसुरे गावचं एक स्थळ तेव्हा येऊन गेलं होतं. मुलाकडचे म्हणाले होते, मॅट्रिक झाली तरी चालेल, नाही झाली तरी चालेल. इतका मोठेपणा! मे महिन्यात उरकून टाकू, असं काका मुंबईला कळवण्याच्या बेतात होते. माझ्या मॅट्रिकच्या आणि मसुऱ्याच्या मध्ये उभं होतं ते फक्त माझं पोट.

उपाशी राहिलं तर डोकं चालत नाही. भजी खाल्ली तर पोट चालत नाही. आणि चूल निजलेली.

आता बघा, आज लोक ज्याला पौष्टिक खाणं म्हणतात ते शोधायला मी निघाले ती अशी, पाठ भिंतीला टेकलेली असताना. मला कोणी चार्ट दिला नव्हता. अट एकच, विस्तव लागता कामा नये. पहिल्यांदा मी मूग भिजवले. रात्री ते कच्चेच, मीठ लावून, मूठमूठ खाल्ले. पौष्टिक म्हणाल तर फारच. दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला पोटाने जे नगारे वाजवले ते पुढच्या बाकापर्यंत ऐकू गेले. मूग बाद. मग चुरमुरे आणि गूळ. बरे लागायचे, पण चुरमुरे म्हणजे हवा, घोटभर पाण्यात विरघळून अर्ध्या तासात पोट पुन्हा रिकामं. नाचणीची आंबील बरी होती. संध्याकाळी काकीच्या नकळत तिच्याच टोपातली वाटीभर बाजूला काढून ताक घालून ठेवायची. पोटाला थंडाई मिळायची, जळजळ शमली. पण आंबील पिऊन झोप अशी यायची की कंदिलावर डोकं आपटायचं. परीक्षेआधी केस जळाले तर काकांना आणखी एक कारण मिळालं असतं.

शेवटी दडपे पोहे सापडले. सापडले काय, घरात होतेच. पाहुण्यांसाठी करायचे, रात्री करायचे असतात हे कोणाला सुचलं नव्हतं. पातळ पोहे, त्यावर ओलं खोबरं, बारीक कांदा, हिरवी मिरची, मीठ, आणि नारळ फोडताना जपून ठेवलेलं पाणी शिंपडायचं. वर झाकण, झाकणावर वरवंटा. तासाभरात पोहे मऊ. विस्तव नाही, धूर नाही, लक्ष्मीची झोपमोड नाही. त्या पोह्यांवर मी बीजगणिताचं अर्धं पुस्तक संपवलं. पण रोज नारळ फोडला तर तो दिसतो. काकी खोपटातले नारळ डोळ्यांनी मोजायची. एक दिवस तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मला समजायचं ते समजलं.

आर्याला मी परवा हेच पोहे करून दिले. आधी नाक मुरडलं. मग म्हणाली, आजी, ह्याच्यात फायबर आहे का? म्हटलं, पोहे आहेत, खोबरं आहे, कांदा आहे. बाकी काय असेल ते असो. तिने मोबाइलवर वाचून दाखवलं की मुलींनी रात्री आठनंतर काही खाल्लं की ते सगळं कमरेवर जाऊन बसतं. मला हसू आलं आणि मग हसू येईना. आमच्या वेळी रात्री खाल्लं की लक्ष्मी जायची. आता कंबर जाते. कारणं बदलली, पोरीच्या तोंडावरचा हात तसाच राहिला. मी तिला सांगितलं, ज्याने हे लिहिलंय त्याला म्हणावं आमच्या घरी जेवायला ये, रात्री दहाला.

असो. तर त्या मार्चात नारळ बंद झाला आणि मी काजूकडे वळले. परसातली काजूची झाडं लाल-पिवळ्या बोंडांनी भरली होती, ओल्या बिया सुपात पडलेल्या. कोणाला त्यांचा हिशोब नाही. आता काजूची बी विस्तवावर टाकली तर काय होतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिच्या टरफलातलं तेल पेट घेतं, बी फटाक्यासारखी उडते, धुराने डोळे फुटतात. म्हणून काजू भाजायचे ते अंगणाबाहेर, लांब काठीने. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण मी आपली अक्कल चालवली. म्हटलं, ज्वाळ असली तर पेट घेणार ना. राखेखाली ज्वाळ कुठे आहे? गरम राखेत काजू हळूहळू, शहाण्यासारखे भाजले जातील. मॅट्रिकला शास्त्र विषय घेतला होता मी. म्हणजे बघा.

काकी निजल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. हळदीचं बोट लावलेल्या त्या चुलीत हात घातला. राख उकरली, निखाऱ्यांच्या कडेला काजू पुरले, वर राख ओढली आणि कंदिलाशी येऊन बसले. बाहेर देवळाकडे शिमग्याचा ढोल वाजत होता, रोंबाट म्हणजे सोंगांची मिरवणूक निघाली होती, दत्ता तिकडेच. थोडा वेळ काही नाही. मग एक करपट, तिखट वास आला. मी धावले तोवर राखेतून काळा धूर उसळत होता. टरफलांनी तेल सोडलं होतं, ते निखाऱ्यावर उतरलं होतं, आणि माझ्यादेखत चुलीच्या तोंडातून हातभर ज्वाळ वर आली. एक काजू फाट्कन उडून मांडणीवर आदळला. दुसऱ्याचं तेल माझ्या डाव्या मनगटावर उडालं आणि मी ओरडले. डावं होतं, हे नशीब.

काका खोकत खोकत आले, मागून काकी. स्वयंपाकघरात धूर, चूल जागी, भडाभडा पेटलेली, आणि समोर मी, तोंडाला राख. काकीने आधी पाण्याचा तांब्या नाही घेतला. तिला ठाऊक होतं, पेटत्या तेलावर पाणी टाकायचं नसतं. तिने ओंजळीने राख टाकून चूल दाबली. मग माझं मनगट धरून त्यावर खोबरेल चोपडलं. बोलायचं काम काकांकडे होतं. निजलेली चूल उठवलीस, घर जाळलं असतंस, कोणासाठी, त्या पुस्तकांसाठी? ते ओरडत नव्हते, ते खरोखर घाबरले होते, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "पुरे झाला. फाल्यापासून पुस्तकां पेटयेत. मी मुंबयक कळवतंय."

मला वाटलं होतं मी रडेन. रडायला सुरुवातही झाली होती. पण मनगटाची आग होत होती, पोट रिकामं होतं, भाजलेल्या काजूचा तो वास सगळीकडे भरलेला, आणि एकही काजू तोंडात गेला नव्हता. कुठून कोण जाणे, आवाज फुटला. मी म्हटलं, "माका भूक लागता. दत्ताक लागता तशीच."

एवढंच. त्या घरात हे वाक्य तोवर कोणा बाईने उच्चारलं नव्हतं. तहान लागली म्हणायची मुभा होती, पाय दुखतात, डोकं दुखतं म्हणायची मुभा होती. भूक लागली हे बाईने दुसऱ्यांच्या वतीने म्हणायचं असतं: पोराला भूक लागली असेल, पाहुण्यांना भूक लागली असेल. काकांना राग आला असता तर बरं होतं. त्यांनी काकीकडे पाहिलं, जणू चुलीचा कायदा तिने वाचून दाखवावा.

काकी राखेचे हात पदराला पुसत म्हणाली, "तुमी जावन निजा. चुलीचा मी बघतंय." आणि वर आणखी, "मुंबयक काय एक कळवू नकात."

ते गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बहुधा चुलीपाशी उभं राहायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझी पुस्तकं पेटीत गेली नाहीत. रात्री जेवणं झाली, काकीने लाकडं ओढली, निखारे गोळा केले, आणि राख ओढण्याआधी कोपऱ्यातल्या टोपलीतून दोन रताळी घेऊन ती निखाऱ्यांच्या उशाला ठेवली. मग राख, मग पोतेरं, मग हळदीचं बोट. चूल निजली. मी बघत राहिले. ती म्हणाली, काजू घालणारी तू येडी आसस, राखेत काय घालूचा ता माका विचार. बस, एवढंच.

अकराच्या सुमाराला ती उठून आली. चिमट्याने रताळी काढली. वरून कोळसा झालेली, आत लोण्यासारखी मऊ, वाफ निघत असलेली. तेल नाही, तिखट नाही, चिमूटभर मीठ आणि खोबऱ्याचा तुकडा. एक तिने मला दिलं. दुसरं दत्ताला ठेवशील का, मी विचारलं. ती नाही म्हणाली, दत्ता भजी खाऊन येणार. तिला पुडीची खबर होती तर! मग दुसरं कोणाला? काकी माझ्यासमोर भुईवर बसली, साल सोलली आणि खायला लागली. हळूहळू खात होती. खाताना सारखी दाराकडे बघत होती, आपल्याच घरात. मला म्हणाली की लग्न होऊन आल्यापासून रात्रीची ती पाणी पिऊन निजायची, दत्ता पोटात होता तेव्हाही. भूक लागायची की नाही, मी विचारलं. तिने रताळ्याचा घास गिळला आणि म्हणाली, "लागायची तर. सांगतलंय कोणाक?"

पुढच्या सगळ्या रात्री मग अशाच गेल्या. कधी रताळं, कधी सुरणाचा तुकडा, कधी कच्ची केळी सालीसकट राखेत. पोटाची जळजळ थांबली ती थांबलीच. बाहेर शिमग्याचे खेळे दारोदार नाचत होते, पलीकडच्या वाडीत कोणी तरी ढोलाच्या नादात शिव्या घालत होतं, आणि आम्ही दोघी राखेत हात घालून बसलेल्या. मी तिला भूगोल वाचून दाखवायचे. ती ऐकायची, मधूनच विचारायची, ह्या देशातल्या बाया रातीक काय खातत? पुस्तकात नव्हतं ते. आजही नसतं.

आणि लक्ष्मी? मी लक्ष ठेवून होते. गाय त्याच महिन्यात व्याली. काजूला भाव बरा आला. लक्ष्मी गेली असलीच तर फेरफटका मारून परत आली असावी. बहुधा तिलाही रात्रीची भूक लागत असेल, आणि कोणी विचारत नसेल.

परीक्षेला मालवणला एसटीने जायचो, दत्ता आणि मी, सकाळची पेज पिऊन. मनगटावर काजूचा काळा डाग होता, तो पेपर लिहिताना दिसायचा. पोट एकदाही दुखलं नाही. मी पास झाले. आता इथे लिहायला आवडलं असतं की भजी खाणारा दत्ता नापास झाला. पण तो माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाला, शेवटच्या रात्रीपर्यंत वडे खात. ज्याचं त्याचं पोट. मी तळणाच्या विरुद्ध भाषण देणारी बाई नव्हे. जत्रेतलं खाजं अजून मागून खाते. मला एवढंच म्हणायचं आहे की चांगलंचुंगलं, पोटाला मानवेल असं, हवं तेव्हा खायची मुभा आधी पाहिजे. ती नसली की माणूस मिळेल ते, मिळेल तिथे, पांघरुणात लपून खातं. मसुऱ्याचं स्थळ गेलं. तिथे कोण गेली असेल ती सुखी असो, आणि रात्री जेवून झोपलेली असो.

आर्याला काल गॅसवर जाळी ठेवून रताळं भाजून दिलं. राखेची सर नाही, पण चाललं. ती स्वयंपाकघरात येऊन बसली, पांघरूण न घेता. तिच्या बापाचा फोन आला तेव्हा मी स्पीकर लावला आणि म्हटलं, आम्ही दोघी जेवतोय, नंतर कर.

एक रात्र सांगायची राहिली. शेवटचा पेपर झाला त्या दिवशीची. मी संध्याकाळीच झोपले होते, महिन्याभराची झोप साठलेली. मध्येच जाग आली ती काकांच्या खोकल्याने. ते पाणी प्यायला उठले होते. स्वयंपाकघरात चिमणीचा उजेड दिसत होता. मी अंथरुणावरून मान वर करून पाहिलं. काकी चुलीपाशी बसली होती, एकटीच. हातात सोललेलं रताळं. काका दारात थांबले. मला वाटलं, आता ती उठेल, रताळं पदराखाली घालेल, नाही तर म्हणेल की पोरीसाठी काढत होते. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते जरा हळूच म्हणाले, सवय लागलेल्या माणसाला समजावतात तसं, "परीक्षा झाली मां तिची?"

काकी उठली नाही. दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"परीक्षा तिची होती," ती म्हणाली. "भूक माझी आसा."

आणि तिने पुढचा घास घेतला.